‘तिकडं सगळं तसंच असतंय म्हणे!’

कोल्हापूरच्या बाहेर कुणालाही विचारा, कोल्हापूरकर म्हणजे चहातही तिखट घालणारा माणूस. हॉटेलांच्या मेनूकार्डावर ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची एक भाजी असते, ती इथल्या घरांत कुणी शिजवत नाही. एवढं सोसूनही आपण परदेशाला निघालो की दुसऱ्यांबद्दल हेच करतो. जर्मन म्हणजे वक्तशीर, फ्रेंच म्हणजे उद्धट, आफ्रिका म्हणजे तापलेली आणि दुबई म्हणजे आपलंच घर. परदेशप्रवासाबद्दल विचारणाऱ्या वाचकांच्या या वेळच्या पत्रांत ‘म्हणे’ हा शब्द इतक्यांदा आला की ती सगळी एकत्रच घेतली आहेत. समज खरा की खोटा, यापेक्षा त्या समजापायी कोणती चौकशी करायची राहून जाते, याकडे उत्तरांत जास्त लक्ष दिलंय. पैसे आणि मनस्ताप तिथंच जातो.

प्रश्न : मे महिन्यात स्वित्झर्लंडला निघालोय. तिथं बाराही महिने सगळीकडे बर्फ असतो म्हणे. चौघांसाठी जाड जॅकेट आणि बर्फाचे बूट घ्यावेत का? (राजारामपुरी)

बूट नकोत. पर्यटक उतरतात ते इंटरलाकेन गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास आपल्या कोल्हापूरइतक्याच उंचीवर. लुसर्न आणि झुरिक त्याहूनही खाली. मे महिन्यात तिथं हिरवंगार गवत, दुपारी १८-२० अंश आणि मधूनच पाऊस. सिनेमात दिसणारा बर्फ असतो वर डोंगरातल्या युंगफ्राउयोख रेल्वे स्टेशनावर (३,४५४ मीटर) किंवा टिटलिसच्या केबलकारच्या शेवटच्या स्टेशनावर (३,०२० मीटर). तिथं मेमध्येही पारा शून्याखाली जातो.

म्हणजे एकाच दिवशी वीस अंश आणि उणे पाच अंश, दोन्ही सोसायचं. एकच जाड जॅकेट घेतलं तर ते खाली दिवसभर हातावर वागवावं लागतं. त्यापेक्षा थर करा : आत थर्मल, त्यावर फ्लीसचा स्वेटर, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. टोपी, हातमोजे, गॉगल आणि चांगली पकड असलेले साधे बूट पुरतात. गॉगल मात्र विसरू नका, बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना फार लागतं.

वरची तिकिटं इथूनच तारखेसह काढू नयेत. ढग उतरले तर एवढे पैसे भरून फक्त पांढरा पडदा दिसतो. शिखरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र हॉटेलात सकाळी बघता येतं. ते बघून तिकीट काढा. इंटरलाकेनहून युंगफ्राउयोखला दोन-अडीच तासांत जवळपास २,९०० मीटर चढ होतो, त्यामुळे डोकं जड होतं, धाप लागते. वर पोचल्यावर मुलांना पहिली दहा मिनिटं धावू देऊ नका. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आणखी एक : फुर्का, ग्रिम्सेलसारखे उंच घाट मेमध्ये बहुधा बंदच असतात, आणि काही केबलकार याच दिवसांत देखभालीसाठी थांबवतात. ठरवलेली जागा उघडी आहे का, हे विमानाचं तिकीट काढायच्या आधी बघायला हवं.

प्रश्न : फ्रँकफुर्टला उतरून रेल्वेने म्युनिक आणि पुढे साल्झबर्ग. जर्मन गाड्या घड्याळावर धावतात म्हणे, म्हणून म्युनिकला गाडी बदलायला आठ मिनिटं ठेवलीत. पुरतील ना? (शाहूपुरी)

आठ मिनिटं! आजच बदलून घ्या. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरतात आणि रद्द झालेल्या गाड्या या हिशेबात येतच नाहीत. कारण सरळ आहे : रूळ, सिग्नल, पूल जुने झाले, वर्षानुवर्षं त्यांच्यावर हवा तेवढा खर्च झाला नाही, आणि वेगवान गाडी, लोकल, मालगाडी सगळ्यांची गर्दी त्याच मार्गांवर. आता दुरुस्ती सुरू आहे, तर तिच्यासाठी मार्ग बंद ठेवावे लागतात. फ्रँकफुर्ट-मानहाइम हा अतिशय वर्दळीचा मार्ग २०२४ मध्ये पाच महिने पूर्ण बंद होता. शेजारची स्विस रेल्वे तर फार उशिरा आलेली जर्मन गाडी काही वेळा सीमेवरच्या बासेलच्या पुढे न्यायलाच तयार नसते.

बुकिंग करताना ॲपमध्ये गाडी बदलायचा किमान वेळ ठरवता येतो. तो ४० मिनिटांवर ठेवा. विमानतळावरून निघताना तर स्वस्तातलं, एकाच गाडीला बांधलेलं तिकीट घेऊच नये. विमान उशिरा आलं की ते वाया. गाडीमुळे उशीर झाला तर गोष्ट वेगळी. मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की त्या स्वस्त तिकिटाचं गाडीचं बंधन सुटतं, पुढच्या दुसऱ्या गाडीने जाता येतं. तासाभराच्या उशिराला भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांना ५० टक्के परत मिळतात. अट एकच, सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. थोडे युरो वाचवायला दोन तुकड्यांत तिकिटं काढली की पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकल्याची जबाबदारी तुमची.

फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि कोणता डबा कोणत्या अक्षरापाशी येणार, ते फलकावर लागतं. हा क्रम ऐनवेळी उलटा होतो, मग सगळा फलाट बॅगा ओढत पळतो. काही गाड्या वाटेत दोन तुकडे होऊन दोन गावांना जातात. आपला डबा बरोबर तुकड्यात आहे ना, हे दारावरच्या फलकावर वाचूनच चढा.

माणसांच्या वक्तशीरपणाबद्दल मात्र तुमचा समज खरा आहे. सात वाजता जेवायला बोलावलं असेल तर सातलाच बेल वाजवायची.

प्रश्न : आम्ही जैन, कांदा-लसूणही खात नाही. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये शाकाहारी माणूस उपाशीच राहतो म्हणे. मग भारतीय हॉटेलातच रोज जेवायचं का? (जयसिंगपूर)

हा समज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवतो. रस्त्यावरच्या गाडीवर ‘नो मीट’ सांगून मिळालेल्या भाजीत माशाचा सॉस असतोच. थाई भाषेत त्याला ‘नाम प्ला’ म्हणतात; आपल्या मिठाच्या जागी तो वापरतात, त्यामुळे स्वयंपाक्याला त्यात मांसाहार वाटत नाही. करीच्या वाटणात सुक्या कोळंबीची पेस्ट असते. पपईची कोशिंबीर दिसायला निरागस, पण तिच्यातही माशाचा सॉस आणि सुकी कोळंबी.

मात्र थायलंडमध्ये ‘जे’ नावाचा एक प्रकार आहे. चिनी बौद्ध परंपरेतून आलेला. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही! अशा दुकानावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असतात. थाई लिपीतला हा शब्द इंग्रजी आकड्यांतल्या १७ सारखा दिसतो. झेंड्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तो दाखवून विचारा. ‘गिन जे’ म्हणजे मी जे खातो. नुसतं ‘मांगसाविरात’, म्हणजे शाकाहारी, असं सांगितलं तर अंडं आणि लसूण येऊ शकतं. ‘जे’मध्ये बटाटा, गाजर, मुळा चालतो, तेव्हा कंदमूळ वर्ज्य असेल तर तेवढं वेगळं सांगायला लागेल. दरवर्षी नऊ दिवस ‘जे’चा उत्सव असतो, बहुतेक वेळा आपल्या नवरात्राच्या मागेपुढे. तेव्हा पिवळे झेंडे गल्लोगल्ली लागतात. तारीख जुळवता आली तर तुमच्यासारख्यांना यापेक्षा चांगला काळ नाही.

व्हिएतनाममध्ये शब्द आहे ‘चाय’. चहा नव्हे, शाकाहार! ‘क्वान चाय’ अशी पाटी असलेली खानावळ शोधायची. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक चाय पाळतात, जसे आपल्याकडे एकादशी धरतात, त्यामुळे त्या दिवशी हे जेवण जागोजागी मिळतं. चायमध्येही बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूण टाळतात, पण गृहीत धरू नका, विचारा.

विमानातल्या जेवणाचीही गंमत आहे. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी, हा आपला ठाम समज. त्या जेवणात कोंबडी किंवा मटण असू शकतं, गोमांस मात्र नसतं. तुमच्यासाठी ‘व्हीजेएमएल’, म्हणजे जैन मील, हा कोड आहे. तो निदान ४८ तास आधी नोंदवून घ्यावा.

थायलंडचं डिजिटल आगमनपत्र १ मे २०२५ पासून सक्तीचं झालंय. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट असतं. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नाही.

प्रश्न : मुलगी दुबईत आहे. तिथं निम्मे लोक आपलेच, त्यामुळे काहीही नेलं तरी चालतं म्हणे. दोन किलो कांदा-लसूण चटणी नेणार आहे. येताना सोनंही आणायचंय, तिकडं स्वस्त असतं ना? (गंगावेश)

चटणीत खसखस आहे का, हे आधी सांगा. बहुतेक घरांच्या मसाल्यात असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातून येते आणि अमली पदार्थांचा कायदा तिथं अतिशय कडक आहे. ‘स्वयंपाकाला आणली’ हे कारण पुरत नाही. लोक अटकेत गेलेले आहेत. चटणी न्यायची तर डंकावर वेगळा घाणा करून घ्या : खसखस वगळा, सुकं खोबरं आणि तीळ थोडे वाढवा. डंकात आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला अडकलेला असतो, तेव्हा पहिल्या कांडपाचा घाणा घरी वापरायला ठेवून दुसरा न्या. पांढऱ्या रश्श्याचं तयार वाटण तर नेऊच नका. सिंगापूरलाही खसखशीच्या बाबतीत हेच लागू.

औषधांचंही तसंच. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलची वेदनाशामक गोळी तिथं नियंत्रित आहे. लागतच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह घ्या आणि तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी निघण्यापूर्वी काढा.

आपल्याकडे शिवी प्रेमानेही येते. तिथं व्हॉट्सॲपवर दिलेली शिवी हासुद्धा गुन्हा ठरू शकतो, आणि अनोळखी माणसाचा त्याला न विचारता काढलेला फोटोही. दारूबाबत दुबईत मोकळीक दिसते म्हणून शेजारच्या शारजात तशी समजू नका. तिथं बंदी आहे.

आता सोनं. दर तिथं कमी दिसतो, पण दागिन्यावर ५ टक्के कर आणि वर मजुरी लागते. पर्यटकाला कराचा बराचसा भाग विमानतळावर परत मिळतो, त्यासाठी बिल करतानाच दुकानदाराला परताव्याची नोंद करायला सांगावं लागतं आणि बॅग चेक-इन करायच्या आधी त्या खिडकीवर जावं लागतं. खरा खर्च भारतात उतरल्यावर. दागिन्यांची शुल्कमाफी एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी असते. आठ-पंधरा दिवसांच्या पाहुण्याला ती मिळत नाही. बिस्किटं आणि नाणी कुणालाच माफीत धरत नाहीत. शुल्क आणि मजुरी धरून गुजरीतल्या सराफांच्या त्याच दिवसाच्या दराशी हिशेब मांडा, फरक बराच आटतो. अंगावर जास्त दागिने घालून जाणार असाल तर जातानाच आपल्या कस्टम्सकडून निर्यात दाखला घ्या, नाही तर येताना तेच दागिने नवे ठरतात.

प्रश्न : जुलैत केनियाला सफारी. आफ्रिकेत प्रचंड उकाडा आणि सगळा मागासलेला कारभार असतो म्हणे. (इचलकरंजी)

नैरोबी सुमारे १,७९५ मीटरवर आहे, महाबळेश्वरापेक्षा चारशेहून जास्त मीटर उंच. जुलै हा तिथला थंडीचा महिना. मसाई मारा अभयारण्यात पहाटे सहाला उघड्या छताच्या जीपमधून निघताना १०-१२ अंश असतात आणि वारा अंगावर येतो. स्वेटर, कानटोपी हवीच. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्से-त्से माश्या त्या रंगांकडे येतात. छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर बहुधा १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ पिशवीत; चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटात मावत नाही.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा चिवड्या-लाडवांचे डबे करा. मागासलेपणाचं म्हणाल, तर मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा तिथं २००७ मध्ये सुरू झाली. आपलं यूपीआय आलं २०१६ ला! भाजीवालीही मोबाइलवर पैसे घेते.

तुमच्या यादीत नसलेली गोष्ट म्हणजे पीतज्वराची (यलो फीव्हर) लस. ती पिवळ्या दाखल्यासह सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होते. दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. पुण्या-मुंबईच्या केंद्रांवर ठराविक वारीच आणि नोंदणी करूनच लस मिळते, म्हणून निदान महिनाभर आधी हालचाल करा. दाखल्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक तंतोतंत जुळतो का, तिथंच तपासा. तिथं ‘चाय’ आणि ‘चपाती’ मागायला भाषांतर लागत नाही, स्वाहिलीतही तेच शब्द आहेत.

प्रश्न : युरोपात स्वच्छतागृहं सगळीकडे आणि फुकट असतात म्हणे. (गडहिंग्लज)

स्वच्छ बहुतेक असतात. फुकट नाही आणि सगळीकडे तर नाहीच. अर्धा ते एक युरो, काही स्टेशनांवर त्याहून जास्त. एक-दोन युरोची नाणी वेगळ्या कप्प्यात ठेवा. पाण्याचा जेट नसतो. दाबून पाणी येणारी छोटी बाटली जवळ असू द्या. म्युझियमच्या तिकिटात आतली सोय आलेली असते, बाहेर पडण्याआधी सगळ्यांनी जाऊन यावं.

प्रश्न : जपान म्हणजे रोबोट, सगळं डिजिटल. रोख नेऊच नये म्हणे. (कागल)

न्यावी. मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, पण छोट्या नूडल्सच्या दुकानात दाराशी कूपनचं यंत्र असतं आणि त्याला नोटा-नाणीच लागतात. जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटा काही जुनी यंत्रं घेत नाहीत, हजार येनच्या जुन्या नोटा मिळाल्या तर जपून ठेवा. येन काढायला सेव्हन-इलेव्हन दुकानातलं एटीएम सोयीचं. यंत्राने ‘रुपयांत की येनमध्ये’ विचारलं तर येनच निवडा. रुपये निवडले की वाईट दर लागतो. हे जगभर लागू.

मेट्रो रात्रभर चालत नाही. साधारण बारा-साडेबाराला बंद, पहाटे पाचला सुरू. वीज १०० व्होल्टची आहे : मोबाइलचे चार्जर चालतात, आपली इलेक्ट्रिक किटली पाणी कोमटच करते. शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनच्या काही मार्गांवर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेसाठी जागा आधी राखावी लागते, नाही तर जादा पैसे. रस्त्यावर कचरापेटी शोधत बसू नका. १९९५ च्या टोकियो मेट्रोतल्या सरीन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर त्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्या. कचरा खिशात घालून हॉटेलवर न्यायचा, सगळे तेच करतात. सर्दीच्या गोळीत सुडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती नेता येत नाही, तेव्हा पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा.

प्रश्न : पॅरिसचे लोक उद्धट असतात म्हणे. (रुईकर कॉलनी)

दुकानात शिरल्याबरोबर ‘बोंज्यूर’ न म्हणता थेट किंमत विचारली तर त्यांच्या लेखी उद्धट तुम्ही. आधी बोंज्यूर, निघताना ‘मर्सी, ओ रव्वा’. एवढ्याने निम्मं काम होतं. बिलात सेवेचे पैसे धरलेले असतात, टिप सक्तीची नाही.

उद्धटांपेक्षा गोड बोलणाऱ्यांपासून जपा. साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर हसत हसत मनगटाला दोरा बांधतात आणि मग पैसे मागतात. आयफेलजवळ सह्या मागणारी मुलं असतात. कागद तुमच्या पिशवीवर धरला की खालून हात आत. दोन्ही हात खिशात घालून ‘नॉं’ म्हणत चालत राहायचं.

प्रश्न : मुलाच्या ऑफिसातले दोन जर्मन पाहुणे चार दिवस घरी येणार. भारतात पोट बिघडतंच, असं त्यांच्याकडे म्हणतात म्हणे. तांबडा रस्सा द्यावा की नको? (मंगळवार पेठ)

द्या, पण दुसऱ्या दिवशी. पोट बिघडतं ते पाण्यातल्या आणि कच्च्या पदार्थांवरच्या जंतूंमुळे, त्याचं खापर तिखटावर फुटतं. प्यायचं पाणी खळखळून मिनिटभर उकळलेलं द्या आणि दात घासायलाही तेच ठेवा. बाहेरचा बर्फ, चिरून ठेवलेली फळं, गाडीवरची काकडी टाळा. ओआरएसची पाकिटं घरात असू द्या, एक पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच.

पहिल्या रात्री पांढरा रस्सा. कोल्हापुरात असं सौम्य काही असतं, याचा त्यांना धक्काच बसेल. दुसऱ्या दिवशीचा तांबडा वेगळ्या लहान वाटीत, भातावर ओतून देऊ नका. तोंड भाजलं तर पाण्याने उतरत नाही, तिखटातला घटक पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध द्या. चपला घ्यायच्या म्हणतील, जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच दाखवल्यापासून तिकडेही त्यांची चर्चा झाली आहे. नवी जोडी पहिल्या दिवशी तासभरच घालू द्या, चावते. आणि पावसात तर नकोच, चामडं फुगून तळ सुटतो.

आग्रहाबद्दल जरा सबुरीनं. ताटात अन्न टाकणं त्यांच्याकडे यजमानाचा अपमान, म्हणून वाढलेलं सगळं ते संपवणार. ताट रिकामं दिसलं की आपण वाढणार, की ते पुन्हा संपवणार. वाढण्याआधी विचारा, आणि पहिल्या ‘नको’लाच थांबा.